मी मोडलेली मायची भीती

नंदुरबार स्टेशनात गाडी थांबते तेवढ्यात दोन बॅगा आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा आत चढवायचा होता, त्यामुळे निरोप असा नीट झालाच नाही. माझी पाच वर्षांची मुलगी स्वरा माझ्या मायच्या पदराला धरून उभी होती आणि प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या कुत्र्याकडे बघत होती. ऐन वेळी रडू यायला नको म्हणून मी घरीच तिला तीनदा पोटाशी धरून घेतलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. गाडी हलली, माय खिडकीच्या गजाला हात लावून चार पावलं चालली आणि म्हणाली, "पोचनी का फोन कर. आन् तठे काहीबी खाऊ नको."

परदेशी निघालेल्या मुलीला कोणी अंगारा देतं, कोणी उपदेश करतं. माझ्या मायने तिच्याजवळ जे भरपूर होतं ते दिलं, म्हणजे भीती. आप्पा वारल्यापासून तिने मला आणि अडीच एकर मिरचीला एकटीने सांभाळलं ते याच भीतीच्या जोरावर. विहिरीवर जाऊ नको, उसात शिरू नको, कोणाच्या हातचं खाऊ नको. मी मोठी झाले, नर्स झाले, लग्न मोडून मुलीला घेऊन परत तिच्याच दारात आले, तरी तिची यादी चालूच होती. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला मुली हव्या आहेत हे कळलं आणि मी पुण्यात राहून भाषा शिकले. करार तीन वर्षांचा. "तीन वर्षं काय, बघता बघता जातील," असं मीच गावभर सांगत फिरले आणि मनातून माझी पाचावर धारण बसली होती.

रनाळ्यात, आमच्या गावात, राहिलेल्यांना वाटतं, निघून गेलेली माणसं धीट असतात. तसं काही नसतं. माझ्याबरोबर आलेल्या मुलींना हे सांगायला नको, त्यांनीही पहिल्या महिन्यात बाथरूमचा नळ उघडा ठेवून रडून घेतलंय. मला तर सगळ्याचीच भीती वाटायची. सरकत्या जिन्याची, बर्फाची, दार आपोआप उघडण्याची, माझ्या हातून कोणी म्हातारं माणूस पडेल याची. आणि जेवणाची. नागानोच्या डोंगरातलं आमचं केअर होम छोटं, पण तिथल्या स्वयंपाकघरात दिवसाआड मशरूम असायचंच. सूपमध्ये, भातात, वाटीत. मी पहिले सहा आठवडे बिबडे, भात आणि लोणच्यावर काढले.

मशरूमचं आमच्याकडे काय आहे ते सांगायला हवं. आमच्या घरात त्याला कुत्र्याची छत्री म्हणत. पावसाळ्यात या छत्र्या बांधावर, उकिरड्याशेजारी उगवायच्या. चार वर्षांची असताना मी एक उपटली तेव्हा मायने माझ्या हातावर फाटकन मारलं, "हात लाऊ नको, मरी जाशी!" मग राखेने माझे हात घासले. शेतात मिरची तोडायला सातपुड्यातली माणसं यायची. त्यांच्या बायका वारुळाजवळची एखादी छत्री हेरून, तिचा देठ उकरून, वास घेऊन काढायच्या आणि तीन दगडांच्या चुलीवर शिजवायच्या. वास फार छान यायचा. मी तिकडे बघायला लागले की माय मला ओढून न्यायची. "त्यासले पचस, आपले नही पचत." त्या बायका अर्ध्या टोपलीतून दोनच ठेवायच्या आणि बाकीच्या फेकून द्यायच्या, हे मी तेव्हा पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय, हा विचार कधी केला नाही. आम्ही सगळे त्यांना हसायचोच.

जपानमध्ये माझी भीती मोडली ती हारुए-सान नावाच्या आजींनी. वय एक्क्याण्णव, चाकाच्या खुर्चीत. कालचं आठवत नसे, पण पन्नास वर्षांपूर्वी कढईत काय घातलं ते पाठ. मी मशरूम टाळून नुसता भात खाते हे त्यांनीच पकडलं. आमच्याकडे शुक्रवारी आजीआजोबांना हौसेने काहीतरी शिजवू देतात, तिथे त्यांनी मला शेगडीपुढे उभं केलं आणि खुर्चीतून हुकूम सोडायला सुरुवात केली. शिमेजी नावाच्या मशरूमचा गुच्छ असतो, बुडखा कापायचा आणि हाताने एकेक सुटं करायचं. धुवायचं नाही! मी नर्स, मला घाम फुटला. तवा कोरडाच तापवायचा, मशरूम टाकायचं आणि हात लावायचा नाही. त्याचं पाणी सुटतं, आटतं, कडा लालसर होतात. मग थोडं तेल, लसूण, आणि बाजूने सोया सॉसची धार, म्हणजे तो तव्याला लागून जरा जळतो. चिमूटभर साखर. वरून भाजलेले तीळ. भाताबरोबर वाटीभर घ्यायचं, बस. दहा मिनिटांचं काम.

मी पहिला घास तोंडात धरून बराच वेळ उभी राहिले. हारुए-सान माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोवाई?" म्हणजे, भीती वाटते? मी मान हलवली. त्या हसल्या आणि माझ्या वाटीतलं एक उचलून स्वतः खाल्लं. मग मीही गिळलं. खरं सांगते, तीन दगडांच्या चुलीवरचा तोच वास होता.

त्यानंतर मी शहाणी झाले. फोनवर मायला रोज दाखवायला लागले. शनिवारी स्वराची सकाळची शाळा असते, ती साडेदहाला सुटते. तिथल्या अकराला इथे अडीच वाजतात, म्हणजे तिचं जेवण आणि माझी सुट्टी एकाच वेळी येते, म्हणून शनिवारी आम्ही दोघी व्हिडिओवर समोरासमोर जेवतो. तिच्या ताटात मिरचीची भाजी, माझ्या वाटीत मशरूम. सुरुवातीला माय फोनच्या मागून ओरडायची, "खाऊ नको व माय!" मी मुद्दाम मोठा घास घेऊन दाखवायचे. इथे लहान मुलंसुद्धा खातात माय, नव्वदीतली माणसं खातात, काही होत नाही, आपणच उगाच अडाण्यासारखे घाबरतो. हे मी तिला वर्षभर ऐकवलं. हळूहळू ती ओरडायची थांबली. मग जवळ बसून बघायला लागली. एकदा विचारलं, "लसूण आंगुदर टाकस का मांगतून?" आधी की नंतर, एवढंच. मला काय आनंद झाला! मी पूर्ण कृतीचा व्हिडिओ करून पाठवला. स्वराने तो इतक्यांदा पाहिला की तिला पाठ झाला, आणि तिने आजीच्या मागे धोशा लावला की मला आईची भाजी पाहिजे.

हे सगळं मी केलं. दुसऱ्या कोणी केलं नाही.

पोळ्याच्या आधीचा तो शनिवार. ड्यूटीवर फोन कपाटात ठेवावा लागतो. अडीचला मी कपाट उघडलं तर मायचे दोन फोटो आले होते. पहिल्यात कढईत काळसर तपकिरी भाजी, वर तीळ. मी हसले. दुसरा फोटो आधीचा होता, चिरण्यापूर्वीचा. टोपलीत पांढऱ्याशुभ्र, ताटलीएवढ्या छत्र्या, देठाला कडं, आणि खाली आमच्या बांधावरची ओली काळी माती.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. दवाखान्यात मी एकदा असं कुटुंब पाहिलं होतं, रानातली छत्री खाऊन आलेलं. त्यांचं काय झालं ते इथे लिहवत नाही. एवढंच सांगते की सगळ्यात वाईट जातीच्या छत्र्या खाल्ल्यावर बरेच तास काहीच होत नाही, आणि काही व्हायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मी फोन लावला. स्वरानेच घेतला. गणवेशात, समोर ताट, ताटात भात आणि ती भाजी. "आई, देख! आपली भाजी!"

मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नसेन तशी. "हात लावू नको! खाली ठेव! खाल्लंस का? स्वरा, खाल्लंस का तू?"

तिचा चेहरा आक्रसला. "नही."

"आजी कुठे?"

"मांगे. ओकी ऱ्हायनी."

मागच्या अंगणातून माय आली तेव्हा तिच्या तोंडावर पाणी होतं आणि ती भिंतीला धरून चालत होती. तिने सकाळी साडेसातलाच वाटीभर खाल्लं होतं. पोरीला द्यायच्या आधी आपण खाऊन बघायचं, आपल्याला दोन तास काही झालं नाही तर द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. कढईत चांदीचं जोडवंही टाकून पाहिलं होतं, ते काळं पडलं नाही म्हणून तिला धीर आला. दोन तास काही झालं नाही. मग तिने ताट वाढून ठेवलं, आणि त्यानंतर पोट ढवळायला लागलं. मला हे सगळं सांगताना ती मलाच समजावत होती, "काही नही, पित्त व्हई."

मी इकडून काय करू शकत होते? हात पोचत नव्हता. मी स्वराला म्हटलं, पळत जा आणि रेशमाला बोलाव. रेशमा सातपुड्यातली, धडगावकडच्या वरच्या पाड्यातली. चार वर्षांपासून नवऱ्याबरोबर आमच्याच शेतात झोपडी करून राहते, मिरची तोडते. झोपडी त्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. माय रोज तिच्याशी बोलते, चहा देते. पण छत्र्या काढताना तिला विचारावं हे मायच्या मनातही आलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तू सांगेल भाजी शे, मंग तिले काय इचारानं?" सहा हजार किलोमीटरवरच्या मुलीचं ऐकलं, आणि आयुष्यभर छत्र्या ओळखत आलेली बाई शेतात निंदत होती तिला विचारलं नाही. मायला मी काय बोलू? मीही वर्षभरात एकदाही म्हणाले नव्हते की रेशमाला दाखव.

रेशमा आली. टोपलीत एक छत्री उरली होती, ती तिने उलटी केली. फोनवरून मी तिचं तोंड बघत होते. "हाई आम्ही नही खात," ती म्हणाली. "खालतून हिरवं पडेल शे. ढोरबी तोंड लावत नही." मग मायकडे बघून, आवाज न चढवता, "मले इचारं नही तुम्ही. मी ते तठेच, बांधवर."

मी म्हटलं, रेशमा, ती छत्री आणि सालं पिशवीत घे, डॉक्टरांना दाखवायला, आणि दोघींना घेऊन नंदुरबारच्या दवाखान्यात जा. तिने ताट उचलून बाहेर रिकामं केलं तशी स्वरा रडायला लागली, तिची आईची भाजी गेली म्हणून. मी पुन्हा विचारलं, बेटा, खरं सांग, एकही तुकडा खाल्ला नाहीस? "तुन्ही आन आई, नही खादं." माझी शपथ घेऊन सांगितलं तिने. आणि तरीही मला कळेना. मी आधी एवढी ओरडले होते की आता ती खरं बोलेल कशी? ताट रिकामं होण्याआधी भाजीत एका बाजूला खड्डा दिसला होता. वाढतानाच तसा राहिला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

रिक्षा निघाली आणि फोन बंद झाला. माझी सुट्टी संपली होती. मी सुपरवायझरपुढे जाऊन उभी राहिले. ज्या भाषेत मी पोटदुखी, ताप, औषध सगळं सांगू शकते, त्या भाषेत मला "माझी आई" यापुढे जाता येईना. मी वर गेले. हारुए-सानना आता भरवावं लागे, त्या उशिराच जेवत, आणि वाटीत मशरूमच होतं. मी चमचा भरला आणि तसाच परत वाटीत ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोवाई?" मी म्हटलं, "कोवाई." त्यांनी ती वाटी हाताने दूर सारली आणि माझी बोटं धरून बसून राहिल्या.

दीड तासाने रेशमाचा फोन आला. डॉक्टरांनी पोट साफ केलं होतं, सलाईन लावलं होतं. लवकर उलट्या झाल्या हे चांगलं लक्षण, ही छत्री पोट बिघडवते पण बहुतेक जीव घेत नाही, तरी दोघींना दोन दिवस ठेवून घेऊ, असं ते म्हणाले. बहुतेक. नर्सला या शब्दाचा अर्थ चांगला माहीत असतो. ते दोन दिवस मी जेवले नाही, झोपले नाही, तिकिटाचे दर बघत राहिले आणि दर तासाला रेशमाला एकच विचारत राहिले, स्वराला काही होत नाही ना? तिने दोन दिवस मजुरी बुडवून दवाखान्याची फरशी धरली होती. तिला मी नीट धन्यवादसुद्धा दिले नाहीत त्या वेळी, तेही लिहून ठेवते.

माय बरी झाली. स्वराला काही झालं नाही. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण मला खरा धसका पुढे बसला.

घरून फोन यायचे आणि सगळं छान असायचं. पाऊस छान, मिरची छान, तब्येत छान, स्वराचा अभ्यास छान. "समदं बरं शे, तू चिंता नको करू." मी काही विचारलं की माय आणि स्वरा एकमेकींकडे बघायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. महिनाभराने एका शनिवारी माय पाणी भरायला गेली असताना स्वरा फोनच्या अगदी जवळ आली, मला तिचा एकच डोळा दिसत होता, आणि कुजबुजली, "आई, मी दोन तुकडा खादात व्हतात. तू रडशी म्हनीसन नही सांगं."

आठ वर्षांचीही नाही अजून. दोन दिवस दवाखान्यात ती पोटातले दोन तुकडे घेऊन गप्प पडून राहिली होती, आपण मरणार की काय याचा विचार करत, कोणाला न सांगता. का, तर लांब असलेल्या आईला भीती वाटू नये. मायने मला तिची भीती दिली ती मोठ्याने ओरडून दिली होती, मी ती ऐकत मोठी झाले. माझ्या मुलीला मी भीती लपवायला शिकवलं. मी स्वतः तरी काय करत होते? बर्फात पडून मनगट मुरगळलं, पहिल्या हिवाळ्यात रात्ररात्र रडले, यातलं मी घरी काय सांगितलं होतं? समदं बरं शे.

तेव्हापासून आमचा शनिवारचा नियम बदलला. जेवायच्या आधी प्रत्येकीने एक भीती वाटलेली गोष्ट सांगायची. मी सुरुवात केली, मनगटापासून. मायने आधी उडवून लावलं, तिला कसली भीती. तिसऱ्या शनिवारी म्हणाली की साखर वाढली आहे आणि गोळ्या सुरू झाल्यात, सहा महिने झाले. मी ओरडले नाही. दात दाबून धरले, पण ओरडले नाही. स्वराच्या भीती चालू असतात, गणिताच्या बाई, विहिरीतला आवाज. रेशमाही एकदा चहाला बसली होती, तिने पाड्यावर ठेवून आलेल्या तिच्या पोराबद्दलची भीती सांगितली. मशरूम मी अजून करते. मायकडे ते पुन्हा शिजलेलं नाही आणि मी म्हणतही नाही.

तुमच्यापैकी कोणी विचारलं की आता घर म्हणजे काय, तर मला रनाळ्याचं दार किंवा इथली माझी खोली यातलं एक निवडता येत नाही. ज्यांच्यासमोर भीती वाटते असं सांगता येतं ती माणसं म्हणजे घर, इतकंच मला कळलंय. करार संपायला सात महिने आहेत. मुदत वाढवायचा कागद टेबलावर पडला आहे, त्यावर मी अजून सही केलेली नाही.

गेल्या शनिवारी स्वराची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ ताटातला भात चिवडत बसली. मग म्हणाली, "आई, तू घर येशी तवय मी तुले वळखसू का?"

मी रोज दिसते की तुला, फोनवर, असं काहीतरी माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. मी म्हणाले, "बेटा, मलाही त्याचीच भीती वाटते." तिने घास उचलला, आणि मग आम्ही दोघी जेवायला लागलो.